तुम्ही विचारलंत म्हणून: तीन पिढ्या आणि त्यांच्या आधीची एक

जानेवारीतला माजी विद्यार्थी मेळावा आटोपला की पुढचे पंधरा दिवस मला हा प्रश्न ठरलेला. मासळीबाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेल्या पाहुण्यांकडूनसुद्धा. "मॅडम, आजोबा, वडील, नातू एकाच विद्यापीठात शिकले म्हणून तुम्ही त्यांना व्यासपीठावर बोलावता. त्यात सत्कार करण्यासारखं काय आहे?" यंदा एका तरुणानं तर सरळच विचारलं, "ही घराणेशाहीच झाली ना?" तो त्याच्या वाडीतला पहिला पदवीधर आहे. त्याचा आवाज चढला नव्हता, पण मला त्या रात्री झोप लागली नाही.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मी एकतीस वर्षं ग्रंथपाल होते आणि हा सत्कार सुरू करणाऱ्यांपैकी मीही एक आहे. तेव्हा उत्तर द्यायची जबाबदारी माझ्याकडेच येते.

आधी शंकेचं मूळ बघू. अमेरिकेत अशा घराण्यांचा गौरव करण्याची जुनी रीत आहे. काही विद्यापीठांत नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताला, तिथंच शिकलेले आईवडील किंवा आजीआजोबा आपल्या मुलाच्या कपड्यांना बिल्ला लावतात. पाहायला हे फार गोड असतं. पण त्याच देशात माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना प्रवेशातही झुकतं माप देण्याची पद्धत अनेक नामवंत विद्यापीठांत रुजली, आणि तिथं गोडवा संपतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठानं ती बंद केल्याचं २०२० साली जाहीर केलं, अ‍ॅमहर्स्ट कॉलेजनं २०२१ मध्ये ती सोडली, कॅलिफोर्नियानं २०२४ मध्ये खासगी विद्यापीठांनाही तिची बंदी करणारा कायदा केला. मला हे सगळे निर्णय पटतात. ज्याचे आजोबा दाराबाहेर उभे होते, त्याच्या नातवाला त्याच कारणानं पुन्हा मागं ढकलणं हा अन्यायच आहे. आमच्या मेळाव्याचा प्रवेशाशी काडीचा संबंध नाही, तसा कधी आला तर मी स्वतः हा कार्यक्रम बंद करायला सांगेन.

मग उरतं काय? उरते एक वही, आणि त्या वहीमागची बोट.

मुंबई विद्यापीठ १८५७ चं. रत्नागिरीत कॉलेज सुरू व्हायला १९४५ उजाडलं. मधली ८८ वर्षं कोकणातल्या मुलाला पदवी हवी असेल तर घाट चढायचा, नाहीतर बोटीत बसायचं. घाट म्हणजे पुणं किंवा कोल्हापूर, बोट म्हणजे मुंबई. किनाऱ्यावरची बोट पावसाळ्यात बंद असे आणि कॉलेजची टर्म जूनमध्ये सुरू होई. म्हणजे मुलानं मे संपायच्या आत घर सोडायचं. घरात आंबा उतरवायची घाई, पेरणीला माणूस हवा, आणि नेमका तेव्हाच कमावता होऊ शकणारा मुलगा पडावात बसून खोल पाण्यातल्या बोटीकडे निघालेला. हरणै, जयगड, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं, कुठल्याही बंदरावर हे दृश्य तेच.

त्या विद्यापीठाची पहिली पदवी १८६२ साली ज्यांना मिळाली, त्यात न्यायमूर्ती रानड्यांबरोबर रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. जन्म १८३७ चा, मालवणचा. वडील सरकारी कारकून, त्यांची बदली रत्नागिरीला झाली म्हणून मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. पुढे ते त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि त्यांचे चिरंजीव देवदत्त भांडारकर इतिहास-पुरातत्त्वाचे थोर अभ्यासक. पिढ्यांचा गौरव करायचा तर कोकणातलं हे घर यादीत सगळ्यात वर यावं. पण मी दरवेळी त्या बदलीपाशी थांबते. एका कारकुनाची बदली झाली नसती तर?

"एकच विद्यापीठ" हे शब्दही आमच्याकडे दिसतात तितके सरळ नाहीत. १९६२ साली कोल्हापुरात शिवाजी विद्यापीठ निघालं तेव्हा रत्नागिरी जिल्हा त्याच्याकडे गेला, पुढे तो परत मुंबईकडे आला. तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचं सिंधुदुर्गही त्यातच, वेगळा जिल्हा झाला तो १९८१ मध्ये. त्यामुळे एखाद्या घरात आजोबांच्या पदवीवर मुंबई, वडिलांच्या पदवीवर कोल्हापूर, नातीच्या पदवीवर पुन्हा मुंबई. त्यातही आजोबांच्या कागदावर 'बॉम्बे' आणि नातीच्या कागदावर 'मुंबई', कारण विद्यापीठाचं इंग्रजी नाव १९९६ मध्ये बदललं. पहिल्या वर्षी समितीत यावर मोठा वाद झाला. नियमाप्रमाणं साखळी तुटली, असं एकाचं म्हणणं. मी म्हटलं, घर जागचं हललं नाही, बाक तेच, वर्ग तेच, हलली ती हद्द. अशी सगळी घरं आम्ही धरतो.

पण माझ्या हातून त्याच वर्षी मोठी चूक झाली. ती सांगायला हवी.

सत्कारासाठी घरं शोधायची म्हणून मी जुनी जनरल रजिस्टरं काढली. कोकणातल्या हवेत कागद टिकवणं म्हणजे तान्ह्या मुलाला सांभाळण्यासारखं. दर ऑक्टोबरला ती जाडजूड रजिस्टरं सावलीत उघडी ठेवून वारा द्यायचा, मऊ ब्रशनं बुरशी झाडायची, कसर लागली नाही ना बघायचं. त्या वर्षी मी त्यातून आडनावं लावत गेले. तेच आडनाव, तेच गाव, वडिलांचं नाव जुळलं की खूण. सात घरं मिळाली. मेळावा छान झाला, फोटो निघाले. जेवणाच्या वेळी साठीच्या एक बाई माझ्याकडे आल्या. त्यांच्याबरोबर मुलगी होती, आणि व्हीलचेअरवर आई. त्या शांतपणे म्हणाल्या, "आम्ही तिघी इथल्याच, तिघीही बी.ए. आमचं आडनाव प्रत्येक पिढीत बदललं, म्हणून तुम्हाला सापडलो नसू."

मी मान खाली घातली. सात घरं शोधली होती आणि सातही पुरुषांच्या बाजूनं. लेकीच्या, नातीच्या वाटेनं चालत आलेलं शिक्षण माझ्या खुणेत कुठेच बसत नव्हतं, आणि खुणा करणारी मी स्वतः बाई. आता आमच्या अर्जात माहेर आणि आजोळ असे दोन रकाने आहेत. पुढच्याच वर्षी सातांची एकोणीस घरं झाली. त्या तिघींना सगळ्यात आधी बोलावलं. व्हीलचेअरवरच्या आजींनी माईक हातात घेतला आणि फक्त आपला रोल नंबर सांगितला. पासष्ट वर्षांनी त्यांना तो पाठ होता.

आमच्या सत्कारात शाल-श्रीफळ नाही. घरातल्या सगळ्यात लहान पदवीधरानं घरातल्या सगळ्यात जुन्या विद्यार्थ्याची रजिस्टरमधली नोंद मोठ्यानं वाचायची, एवढाच कार्यक्रम. नाव, गाव, तालुका, आधीची शाळा, पालकाचं नाव, पालकाचा व्यवसाय. या शेवटच्या रकान्यात सभागृह गप्प होतं. 'शेती.' 'खलाशी.' 'गिरणी कामगार.' 'मोलमजुरी.' पुष्कळ ठिकाणी पुढं ई.बी.सी., म्हणजे आर्थिकदृष्ट्या मागास घरांसाठीच्या फी सवलतीचा शिक्का. आज नातू डॉक्टर असतो, सून बँकेत असते, आणि त्या दोन शब्दांवर दोघांचाही आवाज अडकतो.

देवगडकडचे एक आजोबा होते. तिसऱ्या वर्षी आले, नातवाबरोबर. नातवानं नोंद वाचली, टाळ्या झाल्या, आजोबा मात्र खाली उतरेनात. मला वाटलं पायरीला घाबरले, म्हणून हात द्यायला गेले. ते म्हणाले, "माझा नाव वाचलास. माझ्या बापाशीचा खंय वाचलास?"

रजिस्टरमध्ये पालक म्हणून त्यांच्या मुंबईच्या मामांचं नाव होतं. कारण मुंबईच्या एका कॉलेजात सुरुवात करून ते नंतर इकडे आले होते आणि जुना कागद तसाच पुढं आला. वडील देवगडच्या खाडीत होडी चालवायचे. आजोबांनी माईक मागून घेतला. "बापूस कधी शाळेत गेलो नाय. पण बापाशीन माका बोटीत बसवल्यान. बोट सुटासर तो पाण्यात उभो होतो." मग त्यांनी वडिलांचं नाव घेतलं, पूर्ण, गावासकट, आणि मगच खाली उतरले.

सत्काराची घरं आम्ही एका वहीत लिहून ठेवतो. त्या दिवसापासून त्या वहीत पहिल्या पिढीच्या वर एक रकाना आला. त्याला आम्ही 'पाठवणारे' म्हणतो. कॉलेजची पायरी न चढलेलं माणूस, ज्यानं दुसऱ्याला चढवलं. कुणी आई लिहितं, कुणी मोठा भाऊ, एकीनं शाळेतल्या शिपाईमामांचं नाव लिहिलं, कारण फॉर्मची मुदत संपते आहे हे सांगायला ते पावसातून तिच्या घरी आले होते. कितीतरी जण मुंबईतल्या गाववाल्यांच्या खोलीचा पत्ता लिहितात. दहा बाय बाराच्या त्या खोलीत गिरणीच्या पाळ्यांप्रमाणे माणसं झोपत, आणि दुसरी पाळी कामावर गेली की शिकणाऱ्या मुलाला दिव्याखालचा कोपरा मिळे. खोलीचं भाडं सगळे मिळून भरत. त्याच्याकडून मात्र कुणी घेत नसे.

बाबासाहेब आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे, आमच्याच मंडणगड तालुक्यातलं. १९१२ साली ते मुंबई विद्यापीठाचे बी.ए. झाले. त्यांचे वडील रामजी सुभेदार मुलाला पुस्तक हवं असलं की लग्न झालेल्या लेकींकडे जाऊन त्यांचा दागिना मागून आणत, तो गहाण ठेवत आणि पेन्शन आली की सोडवून परत देत. माझ्या मते त्या बी.ए.च्या वर 'पाठवणारे' या रकान्यात वडिलांबरोबर त्या बहिणींची नावं यायला हवीत. पुढे १९४६ मध्ये बाबासाहेबांनी मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं आणि वर्ग सकाळी ठेवले, नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून. कोकणातून गेलेल्या कितीतरी मुलांच्या घरातली पहिली पिढी त्या सकाळच्या वर्गातून निघाली.

म्हणून त्या तरुणाला मी एवढंच सांगेन. तुझ्या प्रश्नात जे दुःख आहे ते खरं आहे. कोकणात ज्या घरांत आज चार पिढ्या पदवीधर दिसतात आणि ज्या घरांत पहिलीच, त्यांच्यातलं अंतर बुद्धीचं नव्हतं. कुणाला शाळेच्या ओटीवर बसू दिलं आणि कुणाला नाही, याचं ते अंतर आहे. हे लपवून केलेला पिढ्यांचा सत्कार मलाही नको. त्यामुळे आमच्या मेळाव्यात घरातले पहिले पदवीधर त्याच व्यासपीठावर असतात, त्याच दिवशी, आणि त्यांची नोंद सगळ्यात आधी वाचली जाते. तू यंदा आला नाहीस, म्हणून तुला हे ठाऊक नसेल. ये.

यंदा पहिली नोंद एका मुलीची होती. आई काजूच्या कारखान्यात सोलणीचं काम करते. काजूच्या चिकानं बोटांची टोकं काळी पडतात, कातडी निघते, हे इथं कुणाला सांगावं लागत नाही. मुलीनं वहीत आईचं नाव लिहिलं आणि आईला सही करायला पुढं केलं. आई हात पदराआड घेऊ लागली. मुलीनं तो हात धरून वहीवर ठेवला. सहीखाली बोटाचा पुसट डाग उमटलाय, मी तो पुसू दिलेला नाही.

वही भरताना एक दिवस मला वाटलं, दुसऱ्यांची घरं लिहितेय, माझं कुठाय? माझे वडील राजापूरकडचे, मुंबईत नोकरी करून त्या सकाळच्याच वर्गांतून बी.ए. झालेले. मग मी, मग माझी मुलगी. तिन्ही पदव्या मुंबई विद्यापीठाच्या. वडिलांना पाठवणारी त्यांची आई, म्हणजे माझी आजी. तिनं दोन वर्षं भात विकून मनीऑर्डरी केल्या, हे मी लहानपणापासून ऐकत आले. लिहायला पेन उचललं आणि हात थांबला. तिचं सासरचं नाव मला माहीत होतं. जन्मापासूनचं, माहेरचं नाव माहीत नव्हतं. आमच्या घरात ते कुणालाच माहीत नव्हतं.

मे महिन्यात मी वडिलांच्या आजोळी गेले. घर पडलेलं, चौथरा तेवढा उरलाय आणि मागं फणसाचं झाड. शेजारच्या वाडीत नव्वदीच्या एक आत्याबाई भेटल्या, आजीच्या चुलतभावाची मुलगी. त्यांना कमी ऐकू येतं. तीनदा विचारलं. मग त्या हसल्या आणि त्यांनी नाव सांगितलं, लाडाचंही सांगितलं.

परत आल्यावर 'पाठवणारे' या रकान्यात मी तिची दोन्ही नावं लिहिली, माहेरचं आधी.