बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली असं नाही

भाचा मिशिगनला असतो, तिकडे घरी बिअर बनवतो आणि दर वेळी फोनवर एकच विचारतो, "मामा, बुडबुडा बंद व्हयनात, आते भरी टाकू का बाटल्या?" (म्हणजे बुडबुडे थांबले, आता बाटल्या भरू का?) माझंही उत्तर ठरलेलं, हायड्रोमीटर (द्रव पाण्यापेक्षा किती जड आहे ते दाखवणारी तरंगती काचनळी) काय म्हणतो ते सांग आधी. (आपल्याकडे महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे हे लायसनशिवाय घरी करता येत नाही, तिकडे १९७८ च्या कायद्याने घरापुरती बिअर करायला केंद्राने मोकळीक दिली.)

मी इतकी वर्षं खान्देशातल्या एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरी लॅबमध्ये काढली, मळी आंबवण्यात. मळी असो की माल्ट (बिअरसाठी मोड आणून वाळवलेलं धान्य), काम यीस्टचंच आणि ते संपलं की नाही हे ओळखायची रीतही तीच. बिबड्यांची (ज्वारीच्या पापडांची) ज्वारी आंबली की आई नुसत्या वासावर सांगायची, बिअरचं तसं नाही, तिथे आकडाच बघावा लागतो.

एअरलॉकवर, म्हणजे भांड्यातला गॅस पाण्यातून बुडबुड्यांनी बाहेर सोडणाऱ्या झाकणावरच्या नळीवर, का विसंबायचं नाही? कारण झाकणाचं रबर जरा ढिलं असलं की गॅस तिकडूनच निघून जातो, एअरलॉक गप्प आणि आत काम जोरात चालू. उलटंही होतं, काम केव्हाच संपलेलं असतं पण खोली तापली की बिअरमध्ये विरघळलेला गॅस सुटायला लागतो आणि बुडबुडे परत सुरू. वरचा फेस खाली बसणं ही खूण बरी आहे पण तेवढ्यावर बाटल्या भरायच्या नाहीत.

आता मोजायचं कसं. सँपल काढलं की दोन ग्लासांत चार-पाच वेळा वरखाली ओता, गॅस जाऊ द्या, नाहीतर बारीक बुडबुडे हायड्रोमीटरला चिकटून त्याला वर उचलतात आणि आकडा उगाच जास्त दिसतो. मग जारमध्ये सोडून दोन बोटांनी गरकन फिरवा आणि स्थिर झाला की डोळा पातळीला आणून वाचा. रिफ्रॅक्टोमीटर (थेंबातून प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं यंत्र) असेल तर लक्षात ठेवा, अल्कोहोल तयार झालं की तो सरळ आकडा देत नाही, जास्त दाखवतो, हिशोब करून दुरुस्त करावा लागतो.

पाण्याचा आकडा १.०००, आणि साखरेचं अल्कोहोल होत जातं तसा बिअरचा आकडा उतरतो. समजा सुरुवात १.०५० ला होती आणि आज १.०१० आलं, दोन-तीन दिवसांनी परत १.०१०, तर झालं काम, अल्कोहोल सव्वापाच टक्क्यांच्या आसपास. पण नुसता आकडा थांबणं पुरेसं नाही, तो योग्य जागी थांबायला हवा. १.०२० वर अडकला तर दोन शक्यता, एकतर यीस्ट गारठून झोपलंय, नाहीतर मॅशिंग (साखर सुटावी म्हणून माल्ट गरम पाण्यात भिजवणं) ६९-७० डिग्रीला झाल्यामुळे यीस्टला न खाता येणारी साखर जास्त राहिलीय. मळीतही अशी न आंबणारी साखर आणि क्षार असतात, म्हणून आमचा ब्रिक्स (विरघळलेल्या साखरेचा आकडा) कधी शून्यावर यायचाच नाही. यातलं नेमकं काय झालंय हे कळायला थोडी बिअर वेगळी काढून तिच्यात भरपूर यीस्ट टाका आणि उबदार जागी ठेवा, ती जिथे थांबेल तिथेच तुमची बिअर थांबायला हवी.

एवढं सगळं कशाला, तर काचेसाठी. हायड्रोमीटरवरचे फक्त दोन पॉइंट, म्हणजे १.०१२ आणि १.०१० मधला फरक, लिटरमागे साधारण चार-पाच ग्रॅम साखर असते, आणि बाटलीत गॅस धरायला आपण मुद्दाम टाकतो ती साखरच मुळात सहा-सात ग्रॅम! म्हणजे दोन पॉइंट आधी घाई केली की गॅस जवळपास दीडपट होतो, बाटली फुटू शकते आणि काच तोंडावर येते. हे मी त्याला प्रत्येक वेळी सांगतो, तो कंटाळला तरी सांगतो.

आकडा जुळल्यावर अजून एक बघायचं. थोडं सँपल झाकण लावलेल्या बरणीत ६० डिग्रीच्या गरम पाण्यात वीसेक मिनिटं ठेवा, गार करा आणि वास घ्या. लोण्यासारखा वास आला तर तो डायअसिटिल, आंबताना तयार होणारा एक पदार्थ, मग बिअर गार करायची नाही, दोन-तीन दिवस तशीच यीस्टवर उबदार राहू द्यायची, यीस्टच ते परत खाऊन टाकतं.