स्टॅनली मिशन: चर्चच्या अलीकडचा काठ

स्टॅनली मिशन हे कॅनडाच्या सास्कॅचेवान प्रांताच्या उत्तरेतलं गाव. सास्काटून शहरापासून ला राँज गाव साधारण ३८० किलोमीटर, तिथून स्टॅनली मिशन आणखी ८० च्या आसपास. ला राँजला टाकी फुल करूनच निघा. पुढे डांबर संपतं आणि खडी लागते. समोरून ट्रक आला की वेग कमी करा, नाहीतर काच गेलीच म्हणून समजा.

पाहुणे येतात ते होली ट्रिनिटी चर्चसाठी. चर्चिल नदी इथे पसरून तळंच झाली आहे आणि पलीकडच्या काठावर १८५४ ते १८६० दरम्यान बांधलेलं हे लाकडी चर्च आहे. सास्कॅचेवानमधली ही सर्वांत जुनी इमारत. पूर्वी वस्तीही तिकडेच होती. आता होडी करून जावं लागतं. बघाच, पण तासाभरात परत या. क्री या मूळनिवासी लोकांचं गाव अलीकडे आहे, आणि खरी गंमत धक्क्यावर.

सकाळी जाळी काढून होड्या आल्या की तिथेच मासे साफ करणं सुरू होतं. एक आजी व्हाइटफिश चिरत होत्या. काटा काढून दोन्ही बाजू उघडायच्या, शेपटी जोडलेलीच, मग मांसाला आडव्या चिरा देऊन दांडीवर टाकायचं. खाली मंद धूर. ज्वाळा दिसली की त्या चिडायच्या. पाइकही मिळतो, पण काट्यांच्या बाबतीत तो आपल्या भिंग माशाचा भाऊ! नवख्याने वॉलाय मासा घ्यावा. सोबत तव्यावरचा गरम बॅनक, म्हणजे इथला जाड पाव.

आमच्या होडीवाल्या काकांनी हिवाळ्यातली युक्ती सांगितली. बर्फाला भोक पाडून दोरी बांधलेली एक फळी खाली सरकवतात. वरून दोरी ओढली की फळीवरचा दांडा बर्फाला रेटा देतो आणि ती पुढे सरकते. बरीच पुढे गेली की तिथे दुसरं भोक पाडून दोरीचं टोक काढायचं, आणि त्याच दोरीने जाळं बर्फाखाली ओढून घ्यायचं.

बर्फ मे महिन्यात वितळतो. जूनमध्ये डास आणि काळ्या माश्या जीव नकोसा करतात, म्हणून मी ऑगस्टचा शेवट सुचवेन. पूर्ण बाह्यांचे कपडे आणि रोख पैसे जवळ ठेवा. फोटो विचारूनच काढा, विशेषतः कबरींजवळ. स्थानिक क्री लोकांना सरकारशी झालेल्या करारानुसार पोटापुरती मासेमारी करायचा हक्क आहे. तुम्हाला मात्र प्रांताचा परवाना लागेल. तो आधीच ऑनलाइन काढा, आणि किती मासे ठेवता येतात तेही त्याच वेळी वाचून घ्या.