जॅकेट घेतलं, चाल नाही घेतली

"पहिल्या 'आशिकी'ची गाणी भारी की दुसऱ्या?"

हा प्रश्न मला इतक्यांदा विचारला गेलाय की, विचारणाऱ्याच्या वयावरून त्याचं स्वतःचं उत्तर मला आधीच कळतं. मी पुण्यातल्या एका वाद्यवृंदात कीबोर्ड वाजवतो. कार्यक्रमाला मध्यंतर झालं, की बालगंधर्वच्या आवारात बटाटेवड्याची बशी हातात घेऊन कुणीतरी गाठतंच. पन्नाशी-साठीतले काका असतील तर प्रश्नातच निकाल असतो: "आता तसं संगीत होणे नाही, काय?" कॉलेजातली मुलं असतील तर, "दादा, खरं सांगा, 'तुम ही हो'च ना?" आणि पुणं असल्यामुळे तिसरीही एक जात आहे. यांना दोन्हींतलं काहीच आवडत नाही, आणि ते का, हे त्यांना माझ्या वड्याच्या वेळात सांगायचं असतं.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. वाजवायला मला पहिल्याची गाणी आवडतात. पण सिक्वेलचं संगीत कसं करावं असं कुणी विचारलं, तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवीन.

आधी पहिल्याबद्दल. १९९०चा सिनेमा, दिग्दर्शक महेश भट्ट, संगीत नदीम-श्रवण यांचं, बरीचशी गाणी समीरची, आवाज मुख्यतः कुमार सानू आणि अनुराधा पौडवाल यांचे. गाणी आधी तयार होती आणि सिनेमा त्यांच्याभोवती रचला, अशी हकिकत नेहमी सांगितली जाते. सिनेमा बघताना ती पटते, कारण गोष्ट एका गाण्यापासून दुसऱ्या गाण्यापर्यंत चालत जाते एवढंच. संगीत, गीत, गायक, गायिका ही फिल्मफेअरची चारही पारितोषिकं त्या वर्षी या एका सिनेमाला मिळाली.

पण कीबोर्डच्या मागे बसलेल्या माणसाला विचाराल, तर या गाण्यांचं मर्म मधल्या पीसमध्ये, म्हणजे दोन ओळींच्या मधल्या नुसत्या वाद्यांच्या तुकड्यांत आहे. मुखडा झाला की एम-वन, अंतरा झाला की एम-टू, आणि हे पीस नुसती भर घालायला नाहीत. व्हायोलिनचा ताफा एक ओळ म्हणतो, बासरी तिला उत्तर देते, खाली ढोलकचा ठेका न थकता चालू. 'नजर के सामने' किंवा 'धीरे धीरे से' वाजवताना मी समोरच्या रांगांकडे बघतो. गायक गात असतो तेव्हा लोक ओठ हलवतात, पण पीस सुरू झाला की तोही गुणगुणतात. शब्द नसलेला भाग लोकांना तोंडपाठ असणं, ही मोठी गोष्ट आहे. त्या पीसमधला एक सूर चुकला की पाचव्या रांगेतल्या बाई मान वर करतात. गायकाला पट्टी जमली नाही तर कीबोर्डवर पट्टी बदलणारं ट्रान्सपोजचं बटण आहे, पण पीस चुकला तर कुठलंही बटण कामाला येत नाही.

आणि ही गाणी कॅसेटवर ऐकलेली आहेत. टी-सीरिजच्या स्वस्त कॅसेटींनी ती पानाच्या टपरीपासून रिक्षापर्यंत पोचवली. कॅसेट अख्खी वाजायची, त्यामुळे एक गाणं संपता संपता पुढच्याची सुरुवात कानात आपोआप उमटायची. एकाच जोडीचं संगीत, एकाच घडणीचे पीस. साठ मिनिटं एकाच घरात राहिल्यासारखं वाटे. कंटाळाही यायचा, ते नाकारत नाही. सगळी गाणी एकापाठोपाठ ऐकली, तर तिसऱ्या-चौथ्यानंतर ठेका बदला रे, असं मनात येतंच.

आता दुसरा. २०१३, दिग्दर्शक मोहित सूरी. संगीतकार तीन: मिथुन, जीत गांगुली, अंकित तिवारी. 'तुम ही हो' लिहिलं मिथुननं आणि चालही त्याचीच. गायलं अरिजीत सिंगनं, आणि त्या एका गाण्यानं त्याचं आयुष्य बदललं. गंमत बघा. पहिल्या सिनेमाचं पोस्टर आठवतंय? नायक-नायिका एका जॅकेटखाली लपलेले. ते जॅकेट दुसऱ्यानं जसंच्या तसं घेतलं. नाव घेतलं, जॅकेट घेतलं, पण नदीम-श्रवणची एकही चाल घेतली नाही. आणि मला वाटतं, सगळं यश त्या नकारात आहे.

कारण मूळ सिनेमाच्या संगीतातून दोन गोष्टी उचलता येतात. एक, चाली. दुसरी, त्या सिनेमात गाण्याला मिळालेली जागा. चाली उचलणं सोपं; हक्क कंपनीकडे असले की झालं. जागा उचलायची म्हणजे नव्या सिनेमातही गाण्याला गोष्टीच्या पुढे चालू द्यायचं. 'आशिकी २'नं ते केलं. त्याचा नायक गायक आहे, नायिका गायिका होते, म्हणजे गाणं हाच त्यांच्यातला व्यवहार. तिथे गाणी काढून टाकली, तर पडद्यावर फक्त दारूच्या बाटल्या उरतील.

वाजवणाऱ्याच्या बाजूनं मात्र दुसरा सिनेमा जवळजवळ रिकामा. पियानोचे चार कॉर्ड, मागे कीबोर्डच्या पॅडचा एक लांब, धरून ठेवलेला सूर, गिटार, आणि ड्रम्स येतात तेही उशिरा. पीस आहेत, पण ते लक्षात राहण्यासाठी केलेलेच नाहीत. सगळा भार गळ्यावर. अरिजीत सुरुवातीला इतक्या जवळून, इतक्या हळू गातो, की मंचावर तसं गायचं तर माइक आणि साउंडवाला दोघंही तयारीचे लागतात. हौशी गायक इथेच फसतात. सोपी चाल आहे म्हणून घेतात आणि पहिल्या ओळीतच श्वासाचा आवाज सभागृहभर जातो. पहिल्या 'आशिकी'ला आम्ही आठ जण लागतो, दुसरीला मी आणि गिटारवाला पुरतो. व्यवस्थापकाला दुसरी जास्त आवडते, हे वेगळं सांगायला नको.

तीन संगीतकार असल्यानं अल्बम एकसंध नाही, अशी तक्रार काका मंडळी करतात. खरी आहे. पण २०१३ साली अख्खी कॅसेट ऐकत कोण होतं? गाणी मोबाइलवर सुटी सुटी येत होती. 'सुन रहा है' आवडणाऱ्याला 'चाहूं मैं या ना' त्याच्या शेजारी कसं दिसतं, याच्याशी देणंघेणं नव्हतं.

आता या मिथुनचंच पुढे काय झालं बघा. दहा वर्षांनी, २०२३ साली, त्याच्याकडे 'गदर २' आला. इथे नेमकं उलटं काम होतं. मूळ 'गदर' २००१चा. उत्तम सिंग यांचं संगीत, आनंद बक्षींचे शब्द. त्यातलं 'उड जा काले कावां' आणि 'मैं निकला गड्डी लेके' ही दोन्ही गाणी पुन्हा आणली. चित्रपटगृहात शिट्ट्या पडल्या, मीही खूश झालो. पण दोन्ही गाण्यांना एकाच मापानं मोजू नका. 'उड जा काले कावां' मूळ सिनेमातच वेगवेगळ्या रूपांत येत होतं. लग्नात येतं, ताटातुटीनंतरच्या शोधात येतं, शेवटी सुटकेच्या वेळीही येतं. ती चाल जन्मापासूनच परत येणारी आहे. नायक-नायिका तेच, त्यांचं वय वाढलेलं. अशा वेळी त्यांची चाल परत येणं म्हणजे गोष्टच पुढे जाणं. 'मैं निकला गड्डी लेके'चं तसं नाही. तो एका प्रसंगाचा जल्लोष होता. उदित नारायणबरोबर या वेळी मुलगा आदित्यही गायला, कौतुक झालं. पण आमच्या कार्यक्रमात फर्माईश येते ती मूळ गाण्याचीच.

लोक मला सांगतात की चांगल्या सिक्वेलला जुनाच संगीतकार हवा. मी त्यांना 'मुन्नाभाई'ची आठवण करून देतो. २००३चा पहिला भाग अनू मलिक यांचा. २००६च्या 'लगे रहो'ला शंतनू मोईत्रा आले, गीतकार स्वानंद किरकिरे आले. 'बंदे में था दम'साठी किरकिऱ्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पहिल्या भागातलं इस्पितळ गेलं, गांधीजी आले, तर संगीतही बदलणारच. आणि दुसरी एक युक्ती लेखकांनी केली, जिचा फायदा गाण्यांना झाला. पहिल्या भागातली नायिका दुसऱ्यात नाहीच. कुठे गेली, कुणी विचारत नाही. मुन्ना नव्यानं, रेडिओवरच्या आवाजाच्या, प्रेमात पडतो.

हे महत्त्वाचं का, ते आपल्या पुण्यातल्या सिनेमावरून सांगतो. 'मुंबई-पुणे-मुंबई', २०१०, सतीश राजवाडे. मुंबईची मुलगी स्थळ नाकारायला पुण्यात येते, एक मुलगा भेटतो, दिवसभर भांडत भांडत शहर फिरतात. अविनाश-विश्वजीत यांचं संगीत. 'कधी तू' आणि 'का कळेना' ही दोन गाणी आजही आमच्या यादीतून हलत नाहीत; मुक्ता बर्वे-स्वप्नील जोशी यांचे चेहरे डोळ्यांसमोर नसले तरी चालतात. त्यांत आहे काय? दोघांपैकी कुणालाच काही ठाऊक नाही, एवढंच. सगळी हुरहुर त्या 'न कळण्या'तली. मग २०१५ला दुसरा भाग आला, त्यात लग्न ठरतं. २०१८च्या तिसऱ्यात मूल होणार असतं. सिनेमे बघायला मजा आली, घरातली माणसं छान होती. पण आता गाण्यानं गायचं काय? दोघांना सगळं कळलेलं आहे. दोन्ही घरं आली, बैठका आल्या, नातेवाईक आले. मग गाणीही मांडवाखालची होणार. गीतकाराची काही चूक नाही, त्याच्या हातातलं मुख्य भांडवलच कथेनं खर्चून टाकलेलं. माझ्याकडे पुढच्या भागांतल्या गाण्यांची फर्माईश क्वचित येते, ती यामुळे.

प्रेमकथेच्या सिक्वेलचं हे जुनं दुखणं आहे. गाणं विरहावर जगतं, आणि पहिला भाग विरह संपवूनच थांबतो. 'आशिकी २'नं जोडी, गोष्ट सगळंच नवं घेतलं, 'लगे रहो'नं जुनी नायिका विसरायची ठरवली. निर्लज्जपणे विसरली, पण गाणी वाचली.

भुताला मात्र हे लागू नाही. 'भूल भुलैया'तलं प्रीतमचं 'मेरे ढोलना', श्रेया घोषाल आणि एम. जी. श्रीकुमार यांनी गायलेलं, परत आलं नसतं तर प्रेक्षकांनी तिकिटाचे पैसे परत मागितले असते, कारण ते गाणं म्हणजेच मंजुलिका, त्या सिनेमातलं भूत. २०२२च्या दुसऱ्या भागात ते अरिजीतच्या आवाजात आलं, नायकाच्या अंगात आल्यावर. पुरुषाच्या गळ्यात गेल्यामुळे ते हास्यास्पद होईल अशी मला भीती होती, झालं नाही. पण श्रेयाच्या तानांनंतर ऐकणाऱ्याच्या अंगावर जो काटा येतो, तो मला काही आला नाही.

आणि आता ते, ज्यावरून आपल्याकडे मध्यंतर पुरत नाही. 'कट्यार काळजात घुसली'. तो सिक्वेल नव्हे, नाटकाचा सिनेमा, हे मला माहीत आहे. तरी हा विषय निघाला की सदाशिव पेठेतून कुणीतरी हमखास तिकडे वळवतंच. १९६७चं नाटक, पं. जितेंद्र अभिषेकींचं संगीत, वसंतराव देशपांडे खाँसाहेबांच्या भूमिकेत. २०१५चा सुबोध भावे यांचा सिनेमा, शंकर-एहसान-लॉय. तिथे धोका सर्वांत मोठा होता, कारण जुनी पदं लोकांनी देव्हाऱ्यात ठेवलेली. त्यांनी शहाणपणा असा केला की 'घेई छंद', 'तेजोनिधी'सारखी पदं अभिषेकीबुवांचीच ठेवली, आणि गायला कोण? वसंतरावांचे नातू राहुल देशपांडे, बुवांचे शिष्य महेश काळे. आणि नवी गाणी जिथे घातली तिथे नाट्यपदाशी स्पर्धाच केली नाही. 'सूर निरागस हो' हे नाट्यपद व्हायचा प्रयत्न करत नाही, म्हणून ते आज गणपतीत मांडवामांडवांत वाजतं. वसंतरावांची सर नाही, असं म्हणणारे काका भेटतात. नाहीच आहे. पण सर यावी म्हणून ते केलेलंच नाही, एवढं त्यांना वडा संपेपर्यंत पटवणं मला अजून जमलेलं नाही.

जाता जाता एक विनंती. म्हात्रे पुलाजवळच्या लॉन्सवर लग्नातल्या 'संगीत'च्या कार्यक्रमाला बोलावता, तेव्हा ठरलेली मागणी असते: "दोन्ही 'आशिकीं'चं मेडले करा ना, आईबाबांसाठी पहिली, नवरानवरीसाठी दुसरी." मी नाही म्हणतो, आणि लोकांना तो आखडूपणा वाटतो. मेडले म्हणजे गाण्यांचे तुकडे एकाला एक जोडणं, त्यात पीस कापावे लागतात, आणि पीस कापले की पहिल्या 'आशिकी'चं निम्मं संगीत तिथेच गेलं. दुसरीचं उलट आहे. ती हळूहळू चढते, आणि दीड मिनिटात ती चढायच्या आत पुढचं गाणं सुरू करायची वेळ येते. त्यामुळे दोन गाणी मागा, पण पूर्ण मागा, आणि मध्ये दुसरं काहीतरी ठेवा. वेळ कमी पडत असेल तर मामांचं भाषण आटोपतं घ्या.