टक्क्यांच्या पलीकडचे

मंगळवार, रात्र

जळीत वॉर्डातल्या केसपेपरवर पहिल्यांदा शरीराचा किती भाग भाजला त्याचे टक्के लिहिले जातात: एक हात ९, एक पाय १८, छाती-पोट १८. भाजण्याआधी माणसाची झोप कशी होती, दारू किती होती, कोणती गोळी चालू होती, हे बहुधा कोरंच राहतं. आणि नडतं नेमकं तेच. रोज पिणाऱ्याची दारू दाखल होताच तुटते; दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो थरथरतो, भिंतीवर किडे दिसतात म्हणतो. जंतुसंसर्गातही माणूस असाच बरळतो, पण दोन्हींचे उपचार वेगळे. नैराश्याची किंवा फिटची गोळी अचानक बंद पडली तरी घोळ होतो. चुलीपाशी फिट येऊन भाजलेले रुग्ण तर आपल्याकडे नवे नाहीत.

'स्टोव्हचा भडका उडाला' हे वाक्य सासरच्या माणसांसमोर ऐकलं तर ते तेवढ्यावर मिटवू नये. बाईला एकटीला गाठून, आवाज खाली ठेवून पुन्हा विचारावं. तिने स्वतःच पेटवून घेतलं असेल तर '२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तुला तीव्र ताणाखालची मानलं जातं, शिक्षा सहसा होत नाही' एवढं सांगितलं तरी ती बोलू लागते.

ड्रेसिंगची भीती निम्मी आपणच वाढवतो. वेदनेची तोंडी गोळी अर्धा-पाऊण तास आधी द्यायची, पट्टी सलाइनने पुरती भिजवायची, वरचा थर रुग्णालाच सोडू द्यायचा. 'थांबा' म्हटलं की खरंच थांबायचं. घाईत एकदा कोरडी पट्टी ओढली की पुढचे चार दिवस ट्रॉलीच्या चाकांचा आवाजही पुरतो.

आरसा लपवून उपयोग नाही, मोबाइलचा पुढचा कॅमेरा असतोच. आधी हात दाखवावा, मग मान, मग चेहरा. वेळ रुग्णाने ठरवायची, जवळ कोणीतरी असावं.

खरा कठीण काळ डिस्चार्जनंतरचा. घरचे म्हणतात, 'जखम भरली, आता काय?' व्रण मऊ पडायला वर्ष-दीड वर्ष लागतं, व्रण दाबून ठेवणारा घट्ट दाबपट्टा दिवसाचे तेवीस तास, त्यात रात्रीची खाज. खाजेने झोप जाते, झोप गेली की मन ढासळतं. म्हणून दुःस्वप्नांइतकंच खाजेबद्दलही विचारायला हवं. नखं कापलेली, भरलेल्या कातडीला दिवसातून तीन-चारदा खोबरेल, सुती कपडे. आगीची दृश्यं, गॅसजवळ जायची धास्ती महिन्याच्या पुढेही टिकली तर मानसोपचारतज्ज्ञ हवाच. जीव नकोसा झाल्याचं बोलणं आलं तर एकटं ठेवायचं नाही, त्याच दिवशी दाखवायचं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर डिस्चार्ज कार्डावर, ड्रेसिंगच्या तारखेच्या वरच, ठळक लिहायचा.