ट्रायल रूमजवळचं स्टूल

सोमवार, २२ सप्टेंबर २०२५ (पहाटेचे साडेतीन)

मॉलमधलं आमचं कपड्यांचं दुकान रविवारी रात्री दहाला बंद झालं आणि आम्ही बाहेर पडलो पावणेतीनला. आजपासून कपड्यांचा जीएसटी बदलला. आधी हजारापर्यंत ५ टक्के आणि त्यावर १२ होता. आता अडीच हजारांपर्यंत ५ आणि त्यापुढे थेट १८. ऐकायला एका ओळीचं काम. पण आमच्याकडे ते एकेका नगाला हात लावून करायचं. सिस्टीममध्ये दर बदलले की झालं असं वरच्या लोकांना वाटतं, टॅगवर छापलेली किंमत मात्र आपोआप बदलत नाही. जुनी किंमत दिसली पाहिजे आणि शेजारी नवी चिकटली पाहिजे. म्हणून स्टिकरचे रोल घेऊन सगळे बसलो. १,२९९ चा कुर्ता १,२१८ ला आला. २,९९९ चा सेट हिशेबाने ३,१६० वर जायला हवा होता, पण ऐन सणात वाढ नको म्हणून तो आहे तिथेच ठेवायचा असा मेल आला. शहाणे आहेत.

मला मजा वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. रात्री शटर पडल्यावर सगळा स्टाफ फ्लोअरवर मांडी घालून बसला होता. चपला काढून, पाय पसरून, एकमेकांच्या पाठीला पाठ लावून. बारा जणांना एकदम बसलेलं मी या दुकानात पहिल्यांदाच पाहिलं.

स्टाफमधल्या मुलींना कॅब करून घरी सोडलं. कॅबची बिलं माझ्या पर्समध्ये आहेत. मंजूर होतील तेव्हा होतील.

सोमवारच, रात्री

घटस्थापना, पांढरा. पांढऱ्याचा दिवस म्हणजे ट्रायल रूमचा काळा दिवस. गळ्याशी फाउंडेशन, बाहीला लिपस्टिक, एका चिकनकारीवर तर चक्क चटणी. मॉलच्या फूड कोर्टमधली असणार. रात्री ओल्या वाइप्सनी पुसत बसलो. जे निघालं ते परत हँगरवर, नाही निघालं ते डॅमेजच्या खोक्यात.

दिवसभर एकच वाद: "९९९ चा टॉप का नाही स्वस्त झाला? टीव्हीवर तर सांगतायत." बाई, तो आधीपासूनच ५ टक्क्यांत होता हो! आणि २,६९९ चा ड्रेस ५ टक्क्यांत का नाही, तर अडीच हजारांची रेघ कराआधीच्या किमतीवर आहे. कर धरून ती २,६२५ वर येते. २,५९९ चा आत, २,६९९ चा बाहेर. हे मी आज किती वेळा सांगितलं ते देवीलाच ठाऊक. शेवटी एक आजोबा म्हणाले, "तुम्ही सीए का नाही झालात?"

मंगळवार, २३ सप्टेंबर

लाल. लाल कधीच कमी पडत नाही. लग्नाचा, हळदीकुंकवाचा, कसलाही माल काढला तरी खपतो.

पण आज लक्ष मालात नव्हतं. मेन्स सेक्शनला एक पोरगा आहे, सात महिने झाले. परांडा तालुक्यातला. तिकडे नद्यांना पूर आलाय, गावं पाण्यात आहेत, लोकांना हेलिकॉप्टरने काढतायत. पोरगा सकाळी ब्रीफिंगला उभा होता. मी नेहमीसारखी कालचा सेल, आजचं टार्गेट, प्रत्येक बिलात किमान दोन नग गेले पाहिजेत वगैरे बोलत होते. तो मान हलवत होता. तासाभराने पाहिलं तर एका गिऱ्हाइकाला तो ४० ची कंबर दाखवतोय आणि गिऱ्हाईक ३४ मागतंय.

फोन लॉकरमध्ये ठेवायचा हा आमचा नियम. फ्लोअरवर फोन दिसला की लेखी समज. तो नियम मीच गेल्या वर्षी कडक केला होता, कारण पोरं रील बघत बसायची. आज त्याला बॅकस्टोअरमध्ये बोलावलं आणि म्हटलं फोन खिशात ठेव, कुणी विचारलं तर मी सांगितलंय म्हण. तो म्हणाला, "मॅडम, लावला तरी लागत नाहीये. टॉवर बंद आहेत बहुतेक." तरी ठेव म्हटलं.

संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास तो शर्टच्या रॅकमागे वाकून बोलत होता. आई आणि आजी शाळेत आहेत. दोन म्हशी गेल्या. सोयाबीन काढायला आठ दिवस राहिले होते. एवढं सांगून त्याने विचारलं, "ते ब्लू लिननचं एल साइज दुसऱ्या स्टोअरवरून मागवू का? कस्टमर थांबलंय."

बुधवार, २४ सप्टेंबर

निळा. ट्रायल रूमवरची पोरगी आज ब्रेकला बॅकस्टोअरमध्ये खोक्यावर बसली होती. मोजे खाली केले होते आणि घोट्याच्या वर इलॅस्टिकचा खोल चर उमटला होता. वरचा भाग टरारून सुजलेला. बोटाने दाबलं तर खळगा तसाच राहिला. वय वर्षं बावीस.

ट्रायल रूम ही सगळ्यात वाईट जागा. बाकीचे निदान चालतात, वाकतात, जिना चढतात. हिने एका जागी उभं राहायचं. आत किती नग गेले, बाहेर किती आले ते मोजायचं, टोकन द्यायचं आणि परत आलेला ढीग हँगरला लावायचा. सणात हे नऊ-नऊ तास. मी स्वतः २०१४ साली इथूनच सुरुवात केली. तेव्हाच्या मॅनेजरबाई कठड्याला टेकलेलं दिसलं तरी दुरूनच टिचकी वाजवायच्या. मी टिचकी वाजवत नाही. नुसतं बघते. त्यानेही तोच परिणाम होतो हे मला माहीत आहे.

गंमत म्हणजे दुकानात सोफा आहे. चांगला राखाडी, दोन माणसांचा. बायको ट्रायल घेत असताना नवऱ्याने बसायचा. त्यावर स्टाफने बसलेलं चालत नाही.

घरी आल्यावर बाबांना सांगितलं. बाबांनी लक्ष्मी रोडच्या साडीच्या दुकानात पस्तीस वर्षं काढली. तिथे पांढरी गादी. गिऱ्हाइकाने चपला काढायच्या आणि गादीवर बसायचं, विकणाराही समोर बसलेला. साड्यांचा ढीग दोघांच्या मध्ये. बाबा बसल्या जागी पाठीमागच्या फळीतून घडी ओढायचे आणि एका झटक्यात पदर गिऱ्हाइकाच्या मांडीपर्यंत उलगडायचे. त्यांचे गुडघे गेले ते मांडी घालून, ही वेगळी गोष्ट. पण गिऱ्हाइकासमोर बसणं म्हणजे उर्मटपणा, हे त्यांना अजून पटत नाही. "समोरचा बसलाय आणि आपण उभे, तर तो सौदा थोडाच आहे? ती हुजरेगिरी झाली," म्हणाले. मग नेहमीचा प्रश्न: "आज बोहनी कधी झाली?" मॉलमध्ये बोहनी कोण मोजतं! अकरा वाजून नऊ मिनिटांनी पहिलं बिल, असं सांगितलं. त्यांना बरं वाटलं.

केरळमध्ये या बसण्यावरूनच आंदोलन झालं होतं. कोझिकोडच्या पी. विजी, मूळच्या शिवणकाम करणाऱ्या, त्यांनी कापड दुकानांतल्या बायकांना एकत्र केलं. सुरुवातीचा झगडा बायकांना संडास-मुतारी मिळावी म्हणून होता, मग बसण्याच्या हक्काचा. २०१८ मध्ये केरळने कायद्यात दुरुस्ती करून दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही केलं. आपल्याकडे याच महिन्याच्या सुरुवातीला मंत्रिमंडळाने दुकानांमधले दिवसाचे तास ९ वरून १० करायला मंजुरी दिली. ती बातमी ग्रुपवर आली तेव्हा कॅशवाल्याने लिहिलं होतं, "म्हणजे आता तासभर लवकर सुटणार का आपण?"

शुक्रवार, २६ सप्टेंबर

काल पिवळा, आज हिरवा. लिहायला त्राण नाही. एवढंच, की बॅकस्टोअरमधलं उंच फळीसाठीचं प्लास्टिकचं स्टूल मी आज दुपारी ट्रायल रूमच्या पडद्याआड नेऊन ठेवलं. पोरगी म्हणाली, "इथे कशाला मॅडम? इथे वर काही ठेवलेलं नाही." मी म्हटलं, बसायला. ती हसली आणि उभीच राहिली. चार वाजता पाहिलं तेव्हा बसली होती, अगदी टोकावर, शाळेत मुख्याध्यापकांसमोर बसतात तशी.

शनिवार, २७ सप्टेंबर

राखाडी! दर वर्षी हेच. नऊ रंगांत राखाडी हा कुणाच्याच कपाटात नसलेला रंग. रंग वारावर असल्याने शनिवार आला की तो येतोच. जूनमध्ये ऑर्डर देताना मी लिहून कळवते की नवरात्रातल्या शनिवारसाठी ग्रे कुर्ते वाढवा. पण ऑर्डर काढणारी मंडळी दुसऱ्या राज्यात बसतात आणि त्यांना नवरात्र म्हणजे दांडिया, चनियाचोळी एवढंच दिसतं. बँकेतली, शाळेतली, जिल्हा परिषदेतली बाई त्या दिवशी त्याच रंगात जाते आणि ऑफिसच्या जिन्यात ग्रुप फोटो काढते, हे त्यांच्या तक्त्यात कुठे असणार? काल संध्याकाळी सातलाच एम आणि एल संपले. राहिले एक्सएस आणि थ्री एक्सएल. साइज अशी मधूनच तुटली की माल असून नसल्यासारखा.

दुसरी बाजू परतीची. टॅग आत खोचून कपडा घालायचा, फोटो काढायचा, दुसऱ्या दिवशी "फिटिंग नाही बसलं" म्हणून परत आणायचा. आज पिवळे तीन आणि हिरवे दोन आले. हिरव्यातल्या एकाला काखेत अत्तराचा असा वास की कॅशवाल्याला शिंक आली. बिल आहे, टॅग आहे, मुदतीत आहे, घ्यावंच लागतं. मी मुकाट्याने घेते. पूर्वी भांडायचे. एकदा एक बाई भांडता भांडता रडायलाच लागल्या. त्या नव्या नोकरीत होत्या, सगळ्या जणी रोज नवीन घालून येतात म्हणाल्या, पहिला पगारही झाला नव्हता. तेव्हापासून वास आला तरी मी नाक दुसरीकडे करते. हे एरिया मॅनेजरांना सांगायचं नाही.

एका बाईंनी मात्र पिशवीच्या सात रुपयांवरून मला ग्राहक आयोगाचा २०२० चा निकाल ऐकवला. निकाल खरा आहे, मलाही ठाऊक आहे. पिशवीला पैसे पडतील हे खरेदीआधी ठळकपणे सांगायला हवं, ऐन काउंटरवर नाही. आमचा बोर्ड कॅशच्या मागे आहे, डमीच्या डोक्याआड. डमी हलवली. पिशवी फुकट दिली.

रविवार, २८ सप्टेंबर

नारिंगी. सकाळपासून पाऊस, मराठवाड्यात पुन्हा जोर. दाराच्या मोजणी यंत्रावर आकडा फुगलेला आणि बिलं त्या मानाने कमी. पावसाचे लोक नुसते आडोशाला आत येतात, हँगर फिरवतात, एसीत वाळतात आणि जातात. यंत्राला काय, डोकं दिसलं की मोजलं. मॉलचा गार्ड दिवसातून वीसदा पाणी प्यायला येतो, तोही मोजला जातो.

तीन वाजता एरिया मॅनेजर न सांगता आले. आधी विंडो पाहिली, डमीच्या ओढणीला पिन दिसते म्हणाले. मग टेबलावरच्या घड्या. मग ट्रायल रूम. पडदा बाजूला केला आणि विचारलं, "हे स्टूल?"

माझ्या तोंडून पटकन निघालं, "कस्टमरसाठी सर. सोफा पुरत नाही."

"गुड," म्हणाले. "बाहेर ठेवा मग, आत कशाला?"

स्वतःच उचलून बाहेर ठेवलं. पाचव्या मिनिटाला एक गृहस्थ चार पिशव्या घेऊन त्यावर बसले आणि बायको आत सात नग घेऊन गेली होती, म्हणजे पाऊण तास तरी. पोरगी त्यांच्या शेजारी उभी. माझ्याकडे बघून हसली. मला तिचं तोंड बघवेना. "स्टाफसाठी आहे सर" हे तीन-चार शब्द होते. अकरा वर्षांच्या नोकरीत मी एरिया मॅनेजरशी याहून अवघड विषयांवर भांडले आहे, स्टॉक ऑडिटमध्ये, इन्सेन्टिव्हवर. आणि आज स्टुलावरून तोंडातून खोटं आलं, तेही इतकं सहज.

ते साडेचारला गेले. गृहस्थ पाचला उठले. मी स्टूल पडद्याआड ठेवलं.

रात्री बंद करताना परांड्याच्या पोराने रजा मागितली. पाच दिवस. बार्शीपर्यंत एसटी सुरू आहे, पुढे बघतो म्हणाला. पोरांनी वर्गणी काढून पैसे जमवले होते, हाउसकीपिंगच्या मावशींनी शंभरची नोट दोनदा मोजून दिली. डॅमेजच्या खोक्यातलं काही देता येत नाही, त्याची यादी वर जाते. मी माझ्या स्टाफ डिस्काउंटवर दोन टॉवेल, एक चादर आणि आजीसाठी गाऊन घेतला. गाऊनचं साइज विचारलं तर त्याने हाताने उंची दाखवली. म्हणाला, एवढी, वाकलेली. एम दिला.

आता रोस्टर करायला बसलेय. गुरुवारी दसरा, वर सुट्टी, सगळं पुणे बाहेर पडणार, आणि माझ्याकडे मेन्सला एक माणूस कमी. ट्रायल रूमच्या पोरीला मेन्सला हलवते, तिथे निदान चालणं होईल. ट्रायल रूमच्या रकान्यात बारा ते पाच माझं नाव टाकलंय. बाबांनी डोकावून पाहिलं, म्हणाले, मॅनेजरने ट्रायल रूमवर उभं राहायचं?

बसणार आहे, म्हटलं.

उद्या मोरपंखी. एमचे सहाच नग आहेत.