ग्लोबल एन्ट्रीचा किऑस्क, भारतीय पासपोर्टवर: मुंबई ते न्यूअर्क आणि परत

भारतीय पासपोर्ट असला तरी अमेरिकेच्या ग्लोबल एन्ट्रीचं, म्हणजे आधी पडताळणी झालेल्या प्रवाशांना तिथल्या इमिग्रेशनमधून झटपट सोडणाऱ्या योजनेचं, सदस्य होता येतं, हे अजूनही बऱ्याच जणांना माहीत नसतं. २०१७ पासून ही सोय भारतीयांना खुली आहे; तेव्हाचे आपले अमेरिकेतले राजदूत नवतेज सरना हे पहिले भारतीय सदस्य. माझं सदस्यत्व ऑफिसच्या दौऱ्यांमुळे झालं. यंदा मात्र आम्ही लेकीकडे न्यू जर्सीला निघालो होतो, मी, नवरा आणि सासूबाई. तिघांपैकी सदस्य मी एकटीच. त्यामुळे एकाच विमानातून उतरलेल्या माणसांना दोन्ही वाटा कशा पडतात ते जवळून बघायला मिळालं.

सुरुवात मुंबईपासून. आपल्याकडेही आता अशीच योजना आहे: फास्ट ट्रॅक इमिग्रेशन, ट्रस्टेड ट्रॅव्हलर प्रोग्राम. जून २०२४ मध्ये दिल्लीच्या टर्मिनल ३ वर सुरू झाली आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबईसह आणखी सात विमानतळांवर आली. भारतीय नागरिक आणि ओसीआय कार्डधारक (परदेशी नागरिकत्व असलेले भारतीय वंशाचे लोक) दोघांनाही चालते, आणि फुकट आहे. गृह मंत्रालयाच्या पोर्टलवर अर्ज करायचा, पडताळणी झाली की बोटांचे ठसे आणि चेहरा द्यायला बोलावतात. हे काम एफआरआरओच्या (परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या सरकारी) ऑफिसात होतं किंवा विमानतळावरही होतं. नंतर ई-गेटवर बोर्डिंग पास आणि पासपोर्ट स्कॅन करायचा, ओळख पटली की गेट उघडतं. एवढंच. इमिग्रेशनच्या काउंटरवर कुणाशी बोलावं लागत नाही.

इथे एक घोटाळा कायम होतो. रांगेत माझ्या पुढे उभे असलेले काका फोनवर डिजीयात्रा उघडून ई-गेटकडे निघाले होते. डिजीयात्रा वेगळी. ती टर्मिनलमध्ये शिरताना आणि सिक्युरिटीला चेहरा दाखवण्यासाठी आहे, देशांतर्गत प्रवासासाठी. तिचा इमिग्रेशनशी काही संबंध नाही. ई-गेटसाठी वेगळी नोंदणी लागते, आणि ती निघायच्या आदल्या दिवशी होत नाही. तिकीट काढलं की त्याच आठवड्यात अर्ज करून टाका.

आता न्यूअर्क. हॉलमध्ये शिरल्यावर ग्लोबल एन्ट्रीच्या पाट्या वेगळ्या दिसतात, त्या धरून चालत राहायचं. माणसांच्या लोंढ्याबरोबर गेलात तर व्हिजिटरच्या रांगेत पोचाल आणि तिथून दोरखंड ओलांडून परत येणं अवघड जातं. किऑस्क म्हणजे उंच खांबावरचा एक पडदा आणि त्यावर कॅमेरा. पूर्वी इथे पासपोर्ट सरकवा, चार बोटं काचेवर दाबा, प्रश्नांची उत्तरं द्या, मग चिठ्ठी घ्या, असं सगळं होतं. आता बहुतेक ठिकाणी फक्त चेहरा. जमिनीवरच्या खुणेवर उभं राहायचं, पडद्यावर आपलाच चेहरा दिसतो, तो चौकटीत येऊ द्यायचा. माझ्या शेजारच्या किऑस्कवर एक ठेंगण्या बाई टाचा उंचावून कॅमेऱ्यात बघत होत्या, आणि त्यामुळे मान मागे जाऊन फोटो निघतच नव्हता. तिथल्या कर्मचाऱ्याने त्यांना एक पाऊल मागे घेतलं, लगेच काम झालं. जवळ जाण्यापेक्षा थोडं लांब राहणं बरं. टोपी, मास्क, गॉगल काढा. डोळ्यांवर आलेले केस मागे घ्या. फोटो निघाला की पडदा सांगतो, अधिकाऱ्याकडे जा. चिठ्ठी निघेल म्हणून वाट बघत उभं राहू नका.

यंत्राला नाव न सांगता आपण कळतो, याचं लोकांना फार आश्चर्य वाटतं. त्यामागची व्यवस्था सरळ आहे. विमान सुटण्याआधी एअरलाइन सगळ्या प्रवाशांची यादी, पासपोर्टच्या तपशिलासह, अमेरिकेच्या कस्टम्स अँड बॉर्डर प्रोटेक्शनला पाठवते. त्या यादीवरून सरकारकडे आधीच असलेले फोटो काढून एक छोटा संच तयार होतो: व्हिसाच्या वेळचा, मागच्या खेपेच्या प्रवेशाचा, असे. तुमचा ताजा फोटो जगभरच्या चेहऱ्यांशी नाही, तर या संचाशी ताडून बघितला जातो. म्हणून बुकिंग करताना पासपोर्टचा नंबर आणि नाव जसंच्या तसं भरणं फार महत्त्वाचं. एजंटने तिकीट काढलं असेल तर तो तपशील एकदा स्वतः उघडून बघा.

किऑस्क झाला म्हणजे सुटलो, असं अमेरिकन नागरिकांच्या बाबतीत जवळजवळ खरं आहे. आपल्या बाबतीत नाही. व्हिसावर जाणाऱ्याला अधिकारी भेटतोच, आणि त्याने पासपोर्ट, व्हिसा मागितला तर तो हातात हवा. मला कशासाठी आलात, किती दिवस राहणार, कुठे राहणार एवढं विचारलं. पासपोर्टवर शिक्का मारला नाही, आणि हल्ली बहुतेकदा मारत नाहीत. त्यामुळे किती दिवस राहायची परवानगी मिळाली ते कागदावर कुठेच दिसत नाही. ते आय-९४ मध्ये, म्हणजे तुमच्या प्रवेशाच्या सरकारी नोंदीत असतं, आणि आय-९४ ऑनलाइन बघायचं. घरी पोचल्यावर पहिल्याच दिवशी ते उघडा, डाउनलोड करा, तारीख आणि व्हिसाचा प्रकार तपासा. एच-१बी किंवा एल-१ या नोकरीच्या व्हिसावाल्यांनी तर हे टाळूच नये. व्हिसाची मुदत आणि राहण्याची मुदत या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि राहण्याची मुदत आय-९४ च ठरवतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं: खाण्याच्या वस्तू. जुना किऑस्क निदान विचारायचा तरी, फळं आहेत का, बिया आहेत का, दहा हजार डॉलरपेक्षा जास्त रोकड आहे का. नवा किऑस्क नुसता चेहरा बघतो. त्याने विचारलं नाही म्हणजे सांगायची गरज उरली नाही, असा समज मी अगदी सुशिक्षित माणसांच्या तोंडून ऐकलाय, आणि तो फार महागात पडू शकतो. डिक्लेअर करायची जबाबदारी जशीच्या तशी आहे. फक्त आता ती तोंडी, अधिकाऱ्यासमोर पार पाडायची. सासूबाईंनी नातजावयासाठी मसाले, पापड, चकल्या भरल्या होत्या. त्यातली माझ्या बॅगेत जेवढी होती तेवढी मी अधिकाऱ्याला न विचारता सांगून टाकली. त्याने 'ताजं काही आहे का, मांस आहे का' विचारलं, नाही म्हटल्यावर जाऊ दिलं. ताजा कढीपत्ता, आंबे, कुठलंही ताजं फळ, रोपं, बिया, मातीचं काही: हे घेऊच नका. कढीपत्त्याच्या पानांवर लोक हसतात, पण लिंबूवर्गीय झाडांच्या रोगाचा तो वाहक ठरू शकतो, म्हणून तिथे त्याला सक्त मनाई आहे. विमानात मिळालेलं सफरचंदसुद्धा विमानातच ठेवून या. सांगितलेली वस्तू फार तर काढून घेतात. न सांगितलेली सापडली तर दंड होतो आणि ग्लोबल एन्ट्रीचं सदस्यत्वही जाऊ शकतं. ते परत मिळवणं सोपं नाही.

सासूबाईंचं आणि नवऱ्याचं काय झालं? सदस्यत्व ज्याचं त्याचं असतं. बरोबरच्या माणसाला त्या लाइनीत नेता येत नाही, तान्हं बाळ असलं तरी. त्यामुळे आम्ही विमानातच ठरवलं होतं की नवरा आईंबरोबर नेहमीच्या रांगेत राहील. वयस्क माणसाबरोबर भाषेचा आधार म्हणून कुणीतरी हवंच. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या. पूर्वी ७९ वर्षांवरच्यांना आणि १४ वर्षांखालच्यांना फोटोतून सूट होती. २६ डिसेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमाने ती काढून टाकली. परदेशी नागरिकाचा फोटो आता येताना आणि जाताना, कोणत्याही वयाचा असला तरी घेता येतो. सासूबाईंना आधी कल्पना दिली होती, त्यामुळे त्या शांतपणे कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या. चालायला त्रास असेल तर व्हीलचेअर तिकिटाबरोबरच मागून ठेवा. लांब रांगेत तिचा किऑस्कपेक्षा जास्त उपयोग होतो, असं माझं मत झालंय. मुलं लहान असतील तर एक गोष्ट ध्यानात ठेवा: आईवडिलांपैकी एक सदस्य असेल तर १८ वर्षांखालच्या मुलांना अर्जाची फी नाही. अर्ज मात्र प्रत्येकाचा वेगळा.

मी काही मिनिटांत बाहेर पडले आणि बेल्टपाशी जाऊन उभी राहिले. बॅगा यायला त्यांचा वेळ लागतोच. चेक-इन बॅगा असलेल्या, न्यूअर्कलाच उतरणाऱ्या माणसाचा किऑस्कमुळे वाचलेला बराचसा वेळ बेल्टपाशी जातो. खरा फायदा आहे तो पुढचं विमान पकडणाऱ्यांना आणि केवळ केबिन बॅग घेऊन जाणाऱ्यांना. पुढचं विमान असेल तरी बॅगा पहिल्या विमानतळावर काढून पुन्हा द्याव्या लागतात, हे कनेक्शन निवडताना धरा. अबुधाबीहून जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तिथे अमेरिकन इमिग्रेशन विमानात बसण्याआधीच होतं, ग्लोबल एन्ट्रीही तिथेच वापरता येते, आणि अमेरिकेत तुम्ही देशांतर्गत प्रवाशासारखे उतरता.

किऑस्कलाही रांग असेल तर ग्लोबल एन्ट्रीचं मोबाइल ॲप आहे. विमानतळावर उतरल्यावर ॲपमध्ये सेल्फी घ्यायचा, फोनवर पावती येते, ती अधिकाऱ्याला दाखवायची. किऑस्कपाशी जावंच लागत नाही. सगळ्या विमानतळांवर ते चालत नाही आणि लोकेशन चालू असावं लागतं, म्हणून निघण्याआधी ॲप टाकून विमानतळांची यादी बघून घ्या. ग्रीन कार्डवाल्यांसाठी मोबाइल पासपोर्ट कंट्रोल नावाचं फुकट ॲप वेगळं आहे. व्हिजिटर व्हिसावरच्या भारतीयांना ते चालत नाही.

अर्ज कसा करायचा ते थोडक्यात. अमेरिकेच्या ट्रस्टेड ट्रॅव्हलर पोर्टलवर खातं उघडायचं, फी १२० डॉलर (१ ऑक्टोबर २०२४ पर्यंत शंभर होती), अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. सदस्यत्व पाच वर्षांचं. भारतीयांसाठी त्यात एक जादा टप्पा आहे: पासपोर्ट सेवा पोर्टलवर ग्लोबल एन्ट्रीसाठीच्या पार्श्वभूमी पडताळणीचा वेगळा अर्ज. पोलीस पडताळणी त्यातूनच होते. ही सगळी प्रक्रिया वेळखाऊ आहे, काही महिने हातात धरा. सशर्त मंजुरी आल्यावर मुलाखत बाकी राहते. भारतात राहणाऱ्याने त्यासाठी अपॉइंटमेंटच्या मागे धावू नये. पुढच्या खेपेला अमेरिकेत उतरल्यावर तिथेच इमिग्रेशनला सांगायचं, बऱ्याच मोठ्या विमानतळांवर मुलाखत त्याच वेळी, अपॉइंटमेंटशिवाय होते. पासपोर्ट आणि राहत्या पत्त्याचा पुरावा बरोबर ठेवा. टपालाने येणारं ग्लोबल एन्ट्रीचं कार्ड विमानतळावरच्या किऑस्कला लागत नाही.

चेहऱ्याच्या माहितीबद्दल मला काय वाटतं तेही लिहिते, कारण लेकीशी यावर माझं बरंच बोलणं झालं. अमेरिकन नागरिकांचे फोटो बारा तासांच्या आत पुसले जातात आणि त्यांना फोटोला नकार देता येतो. आपले फोटो सरकारी साठ्यात ७५ वर्षांपर्यंत राहू शकतात आणि नकाराचा पर्याय नाही. किऑस्क वापरला नाही, साध्या रांगेत उभं राहिलं, तरी फोटो निघतोच. म्हणजे ग्लोबल एन्ट्री घेतल्याने चेहऱ्याच्या बाबतीत फारसं काही वाढत नाही. वाढते ती पार्श्वभूमीची माहिती, जी तुम्ही अर्जात स्वतः लिहून देता. राहण्याचे पत्ते, नोकऱ्या, प्रवास, गुन्ह्यांची नोंद. ही माहिती द्यायची तयारी असेल तरच अर्ज करा. वर्षा-दोन वर्षांतून एकदाच जाणाऱ्याला मी सांगेन, आग्रह धरू नका.

परतताना न्यूअर्कला विमानात चढताना गेटवर फोटो निघाला. त्यासाठी वेगळी तयारी लागत नाही. मुंबईला उतरताना ई-गेटवर नोंदणी पुन्हा कामाला आली. आलेल्या विमानाचा बोर्डिंग पास सीटच्या खिशात विसरू नका, तो हाताशी ठेवा. रात्री एकामागोमाग एक विमानं उतरतात तेव्हा काउंटरच्या रांगा दाराला टेकतात, आणि तिथे ई-गेटचा फरक न्यूअर्कपेक्षाही जास्त जाणवला.

पासपोर्ट नवा काढणार असाल तर तो हातात आल्याबरोबर ग्लोबल एन्ट्रीच्या खात्यात नवा नंबर भरा. जुन्याच नंबरावर गेलात तर किऑस्क अडतो. लग्नानंतर नाव बदललं असेल तर ते ऑनलाइन होत नाही, एनरोलमेंट सेंटरला जावं लागतं. आपल्या ई-गेटची नोंदणी पाच वर्षं किंवा पासपोर्टची मुदत, यातलं जे आधी संपेल तोवरच चालते, त्यामुळे नव्या पासपोर्टवर ती नव्याने करावी लागते. नोंदणी करताना पासपोर्टची किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक असावी लागते.