कबुतरं, चिपटं आणि बाकीचे आठ

गुरुवार, रात्री पावणेबारा

उद्या दुपारी दोनला कम्प्युटर नेटवर्क्सचं सबमिशन. बारापैकी चार राईटअप झालेत, आठ बाकी आहेत आणि मी ही वही काढून बसलीये. रूममेट साडेदहालाच झोपली, तिची फाईल कधीच पंच करून दोरा ओवून तयार आहे. झोपताना फक्त "आटप गं आता" म्हणाली आणि पांघरूण डोक्यावरून घेतलं. चांगली आहे ती, कधी टोचून बोलत नाही.

आटपणारच होते. मेसवरून आल्यावर साडेआठला पाचवा राईटअप काढला, पिंग आणि ट्रेसरूटचा. थिअरी एक पान, एक आकृती, आउटपुट, निष्कर्ष, म्हणजे धरून चाला पाऊण तासाचं काम. पिंग म्हणजे तरी काय, समोरच्या मशीनला "आहेस का?" विचारायचं आणि "आहे" यायला किती वेळ लागला ते मोजायचं. लॅपटॉपवरून मारून बघितलं, चार पॅकेट, म्हणजे माहितीच्या छोट्या पुड्या, गेली, चारही आली, सरासरी २३ मिलिसेकंद. ते उतरवून घ्यायच्या आधी सहज मनात आलं की पिंगचं उत्तर उशिरात उशिरा किती वेळाने आलं असेल, आणि मग मला ती कबुतरं आठवली. तिथून जी गेले ती थेट आत्ता घड्याळाकडे बघतीये.

तर गोष्ट अशी आहे. इंटरनेट कसं चालावं याचे नियम आरएफसी नावाच्या कागदांमध्ये लिहिलेले असतात, नंबर टाकून, अगदी कोरड्या सरकारी भाषेत. आमच्या सिलॅबसमधलं आयपी, टीसीपी, म्हणजे मशीनांनी एकमेकांशी कसं बोलायचं याचे ठरलेले नियम, प्रोटोकॉल, सगळं त्यातूनच आलेलं. आणि बऱ्याच वर्षी १ एप्रिलला त्याच थाटात एखादा गमतीचा कागदही निघतो. १ एप्रिल १९९० ला डेव्हिड वेट्झमन यांनी आरएफसी ११४९ लिहिला, विषय काय तर आयपीचे डेटाग्राम, म्हणजे तीच माहितीची पॅकेट, कबुतरांकडून कसे पाठवायचे. जेमतेम दोन पानांचा आहे. मी आज तिसऱ्यांदा वाचला. डेटाग्राम कागदाच्या छोट्या पट्टीवर हेक्साडेसिमलमध्ये, म्हणजे सोळा चिन्हांच्या अंकपद्धतीत, छापायचा, ती पट्टी कबुतराच्या एका पायाला गुंडाळायची, वरून डक्टटेप लावायची. बँडविड्थला, म्हणजे माहिती किती वेगाने जाऊ शकते त्याला, मर्यादा कशाची, तर पायाच्या लांबीची. एमटीयू, म्हणजे एका खेपेत जास्तीत जास्त किती माल जाणार, तो साधारण २५६ मिलिग्रॅम. आणि पुढे असं लिहिलंय की कबुतराचं वय वाढेल तसा एमटीयूही वाढत जातो. इथे मी उशीत तोंड खुपसून हसले, नाहीतर रूममेट उठली असती.

मला हे इतकं का आवडतं ते नीट लिहून ठेवायचंय. त्या दोन पानांत एकही शब्द ढिला नाही. हेडिंग तीच, वाक्यांची ठेवण तीच, एमटीयू जिथे यायला पाहिजे तिथेच येतो. ज्याला खरा प्रोटोकॉल आतून-बाहेरून माहितीये त्यालाच हे सुचणार, आणि त्याने ते कुणाला कमी लेखायला लिहिलेलं नाहीये, आपल्या कामावर जीव आहे म्हणून लिहिलंय. दुसऱ्या युनिटमध्ये एमटीयूची व्याख्या मी चार वेळा पाठ केली आणि चारही वेळा विसरले, पण कबुतराच्या पायाला बांधलेली पट्टी एकदा डोळ्यासमोर आली ती आली. आता व्हायव्हाला कुणी झोपेतून उठवून विचारलं तरी सांगीन.

पुढचं तर त्याहून भारी. २००१ च्या एप्रिलमध्ये नॉर्वेतल्या बर्गेन शहरातल्या लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांच्या ग्रुपने हे खरोखर करून दाखवलं. खरी कबुतरं, पायाला छापलेली पट्टी, पलीकडच्या माणसांनी ती सोडवून स्कॅन करायची, उत्तर छापायचं आणि दुसरं कबुतर सोडायचं. नऊ पॅकेट पाठवली, चार उत्तरं आली, पॅकेट लॉस ५५ टक्के. सगळ्यात लवकर आलेलं उत्तर साडेत्रेपन्न मिनिटांनी आणि सगळ्यात उशिराचं जवळजवळ पावणेदोन तासांनी. आणि पिंग कमांडने ते आपल्या नेहमीच्या सवयीने मिलिसेकंदातच छापलं, सात-सात आकडी संख्या! तो आउटपुट मी आज माझ्या आउटपुटच्या शेजारी ठेवून बघितला. तेच शब्द, तीच ओळ, टक्केवारीची जागाही तीच. माझे २३ मिलिसेकंद आणि त्यांचे लाखोंनी मिलिसेकंद, पण मांडणी एकच, आणि प्रोटोकॉल या शब्दाचा अर्थ मला तेव्हा कळला. पॅकेट तारेतून गेलं काय, हवेतून गेलं काय किंवा पंखांवरून गेलं काय, वरच्या थराला त्याचं काही देणंघेणं नाही. या थरांचं, लेयर्सचं, प्रकरण पुस्तकात वीस पानांचं आहे.

आणि आपल्याकडे तर हे गमतीत नव्हे, खरंच चालायचं. ओडिशा पोलिसांची कबुतरांची निरोप सेवा १९४६ पासून होती, १९९९ च्या महाचक्रीवादळात बाकी सगळी साधनं बंद पडली तेव्हा ती कामाला आली. हे वाचत असताना आमच्या डक्टमधल्या जाळीवर दोन कबुतरं अंग फुगवून बसली होती, मी टॉर्च मारून त्यांच्या पायांकडे बघितलं. बोटाच्या पेराएवढे पाय. तिथे कागद गुंडाळायचा म्हणजे केवढा हलका हात पाहिजे.

रात्री एक वाजून दहा मिनिटं

पाचवा झाला! निष्कर्ष मनापासून लिहिलाय, गाईडमधून नाही उतरवला. सहाव्याची, सबनेटिंगच्या (मोठ्या नेटवर्कचे छोटे तुकडे पाडायच्या) राईटअपची, हेडिंग टाकली आणि पहिल्याच बायनरी, म्हणजे नुसत्या शून्य आणि एकच्या, ओळीला रविवार आठवला, तो लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

रविवारी मी घरच्या ग्रुपवर तो जगात सगळ्यात जास्त सांगितला गेलेला जोक टाकला होता. जगात १० प्रकारची माणसं असतात, एक ज्यांना बायनरी कळतं आणि दुसरी ज्यांना कळत नाही. मागे हसरा चेहरा टाकला होता, कारण आमच्याकडे तो नसेल तर आत्या बातमी समजते. (हसऱ्या चेहऱ्याचा जन्मही तसाच झालाय. १९८२ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची गंमत लिहिली, काही जणांना ती खरी वाटली, आणि मग १९ सप्टेंबरला स्कॉट फालमन यांनी सुचवलं की गमतीच्या मजकुरापुढे अपूर्णविराम, आडवी रेघ आणि कंस टाकत जा, मान वाकडी करून बघा म्हणजे चेहरा दिसेल. तो मूळ मजकूर हरवला होता, वीस वर्षांनी, २००२ मध्ये, जुन्या बॅकअपच्या टेपांमधून शोधून काढला. एवढ्याशा ओळीसाठी माणसांनी टेपा धुंडाळल्या, मला तर भरूनच आलं वाचून.)

दहा मिनिटांनी बाबांचं उत्तर आलं: "बाकीचे आठ कोण?"

मी लगेच फोन केला. बाबांना म्हटलं बाबा, ते दहा नाहीये, ते दोन आहे. बाबा म्हणाले, अगं दहा लिहिलंय की तू. मग मी एकक-दशक, दोनाचा घात, स्विच चालू-बंद असं सगळं सांगायला लागले आणि दर वाक्याला बाबा "हं" म्हणत होते, ते मला न दुखावण्याचं "हं" असतं ना, तसं. फोन स्पीकरवर होता. पलीकडे आज्जी तांदूळ निवडत बसलेली, तिचा आवाज आला, "कोळव्याचं काय म्हणतीया ती?" मी कोळवं म्हटलंच नव्हतं, काहीतरी दुसरंच म्हटलं होतं. पण तो शब्द ऐकला आणि माझ्या डोक्यात लखकन उजेड पडला.

आमचं घर जुन्नरकडे, आज्जीकडे अजून जुनी मापं आहेत, तांदळाच्या डब्यात चिपटं असतंच. पितळी आहे, कडेला चेपलंय, आतून घासून घासून सोन्यासारखं झालंय, लहानपणी मी त्यातून पाणी प्यायचे आणि बोलणी खायचे. तर हिशेब असा: दोन कोळवी म्हणजे एक चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अडशिरी, दोन अडशिरी म्हणजे पायली. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट. एक, दोन, चार, आठ, सोळा, बत्तीस! आज्जीच्या फडताळात अख्खी बायनरी ओळीने मांडून ठेवलेली आणि मी तीन वर्षं कॉलेजात ती शोधतीये.

म्हटलं आज्जी, एक खेळ खेळू. प्रत्येक माप एकदाच भरायचं नाहीतर भरायचंच नाही. पाच कोळवी तांदूळ कसे देशील? ती म्हणाली, मापटं एक आणि कोळवं एक. चिपटं? चिपटं नको. मग लिही, एक, शून्य, एक. तेरा कोळवी? तिने श्वाससुद्धा घेतला नाही, "शेर, मापटं, आन् कोळवं." एक, एक, शून्य, एक. मला रफ कागदावर पडताळून बघावं लागलं, तिला नाही. मग मी म्हटलं आता फक्त चिपटं भर, कोळवं रिकामं ठेव, काय लिहिशील? "एक आन् शून्य." आणि तांदूळ किती झाले? "दोन कोळवी."

फोनवर दोन सेकंद काही नाही, आणि मग बाबा हसले. मोकळं, पोट धरून. "म्हणजे ते आठ नाहीतच!" म्हणाले. मग आज्जीला जोक सांगितला, मग आईला किचनमध्ये जाऊन सांगितला, आणि संध्याकाळी ग्रुपवर स्वतः आत्याला मापट्यासकट समजावला. मी हॉस्टेलच्या जिन्यात उभी राहून ते सगळं वाचत होते आणि मला रडू येत होतं.

या असल्या गमतींना एक छोटी किल्ली लागते. कॉलेजच्या ग्रुपवर त्या सगळ्यांकडे असते म्हणून तिथे कुणाला सांगावं लागत नाही, आणि बाहेर मात्र सहज म्हणून टाकतात की तुला नाही कळायचं, सोड. ते "सोड" मला अजिबात आवडत नाही. पहिल्या वर्षाला लॅबमध्ये मी विचारलं होतं की ४१८ या एरर नंबरवर सगळे का हसले, तेव्हा मलाही "सोड" मिळालं होतं. नंतर एकटीने शोधलं. १९९८ च्या १ एप्रिलचा आरएफसी २३२४, कॉफीच्या यंत्राशी इंटरनेटवरून कसं बोलायचं याचा, त्यात चहाच्या किटलीला कॉफी करायला सांगितलं तर तिने ४१८ पाठवायचं, म्हणजे "मी किटली आहे". चार वाक्यांत सांगून होतं की. सांगितलं असतं तर मीही हसले असते त्यांच्याबरोबर.

रील बघत टाईमपास मी पण करते, आणि त्यातलं दुसऱ्या दिवशी काही आठवत नाही. कबुतरं आठवतात. तरी चालढकल ती चालढकलच, पाचव्याच्या पाऊण तासाला साडेचार तास लागले हे मला कळतंय, आणि आईने फोनवर "झालं का गं?" विचारल्यावर "होत आलं" म्हणताना पोटात कसंतरी होतं. ते लपवायचं नाही असं ठरवलंय, निदान या वहीत तरी. आता सबनेटिंग. तिथेही बायनरीच आहे, मास्क म्हणजे कोणती मापं भरलेली आणि कोणती रिकामी, बास.

शुक्रवार, सकाळी पावणेसहा

दहा झाले. दोन राहिलेत, पैकी एकाची आकृती काढून ठेवलीये. बोटाला पेनाचा खड्डा पडलाय. डक्टमध्ये घुमायला सुरुवात झालीये.

बाबा पहाटे उठतात, त्यांचा आत्ता मेसेज आला की आज्जी कालपासून विचारतीये, खंडी कशी लिहायची? आमच्याकडे १६ पायल्यांचा मण आणि २० मणांची खंडी. म्हणजे ३२० पायल्या, म्हणजे १०,२४० कोळवी. सबनेटिंगच्या रफ कागदावरच मांडलं. एक, शून्य, एक आणि त्यापुढे अकरा शून्यं. पाठवून दिलं.

पाच मिनिटांत बाबांचा परत मेसेज: "आज्जी म्हणते, मामाच्या गावाला मण १२ पायल्यांचा. त्यांची कशी?"

२४० पायल्या. ७,६८० कोळवी. चार वेळा एक, मग नऊ शून्यं.